नारळाचा हिशेब आणि पाटीवरचा गुणाकार

वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे घेतले, दोनशेची नोट दिली, तर परत किती यावेत? कागद-पेन्सिल हाती न घेता, आणि शेजारी दुसरे गिऱ्हाईक ताटकळत असताना, हा हिशेब आपल्यापैकी किती सुशिक्षितांना चटकन जमेल याची शंकाच आहे. उत्तर एकशे त्रेसष्ट रुपये. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत हातगाडीवर किंवा दुकानात विक्रीला बसणारी मुले असले हिशेब दिवसभर करीत असतात. आणि गिऱ्हाइकाने मुद्दाम अडनिडी वजने मागितली तरी ती सहसा चुकत नाहीत.

हे कोणा हौशी निरीक्षकाचे कौतुक नव्हे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन शहरांतील बाजारात काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाजारातला हिशेब जवळजवळ सर्वांना येत होता. पण त्याच मुलांपुढे त्याहून सोपी उदाहरणे शालेय पद्धतीने मांडली, तेव्हा चित्र पालटले. कोलकात्याच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने बरोबर भागणारी अवघी ३२ टक्के निघाली; दोन अंकी वजाबाकीची दोन उदाहरणे बरोबर सोडविणारी ५४ टक्के. ही मुले शाळेचे तोंड न पाहिलेली होती असेही नाही; त्यांतली पुष्कळ शाळेत जात होती किंवा काही वर्षे जाऊन आलेली होती.

येथवर वाचून ज्यांना आपल्या शाळांचा अभिमान वाटू लागला असेल त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. जवळच्याच शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना हीच परीक्षा दिली गेली. पाटीवरची साधी उदाहरणे त्यांना अधिक चांगली आली. पण बाजारातल्या ज्या एका प्रश्नाचे उत्तर काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी बरोबर दिले, ते या शाळकरी मुलांपैकी फक्त एक टक्क्याला देता आले. कागदावर रेघा ओढून, एकाच संख्येची पुनःपुन्हा बेरीज करून ती उत्तराकडे इतक्या संथपणे सरकत होती, की तोवर गिऱ्हाईक पुढच्या दुकानी गेले असते.

अशा निष्कर्षांवर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. शाळा निरुपयोगी आहे, अनुभव हाच खरा गुरू, ही एक. बाजारातल्या पोराचे ते ज्ञान नव्हेच, नुसती सवय आहे, त्याला भाव पाठ असतात, ही दुसरी. यांपैकी दुसरी तर संशोधकांनी तपासूनच बाजूला सारली. पाठांतर, दुसऱ्याची मदत, ओळखीच्या वातावरणातला निवांतपणा, यांपैकी कशानेही त्या मुलांच्या यशाचा उलगडा होत नव्हता. पहिली प्रतिक्रिया अधिक मोहक आहे आणि म्हणून अधिक फसवी. कारण अनुभव जर सर्वसमर्थ गुरू असता, तर बाजारात भागाकार करणारा मुलगा पाटीवर अडलाच नसता. प्रश्न सोडविण्याची शक्ती ही एखाद्या घागरीतल्या पाण्यासारखी डोक्यात साठवलेली असते आणि हव्या त्या भांड्यात ओतता येते, अशी आपली ढोबळ समजूत आहे. मुलांच्या बाबतीत ती खरी नाही. ही शक्ती जेथे प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो तेथे रुजते, आणि तेथून दुसरीकडे आपल्या पायांनी चालत जात नाही. तिला कोणीतरी हात धरून न्यावे लागते.

नारळवाला मुलगा

या विषयाचा पाया चाळीस वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये घातला गेला. रेसिफे या बंदराच्या शहरात तेरेझिन्या कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या तीन अभ्यासकांनी नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास केला. पाचच मुले, आजच्या संख्याशास्त्राला ही संख्या हास्यास्पद वाटेल. पण अभ्यास बारकाईचा होता. आधी गिऱ्हाईक म्हणून या मुलांकडून नारळ, कलिंगड वगैरे विकत घ्यायचे आणि हिशेब विचारायचा. मग काही दिवसांनी तेच आकडे कागदावरच्या उदाहरणांत घालून द्यायचे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाजारातले ९८ टक्के हिशेब बरोबर ठरले. त्याच आकड्यांची शाब्दिक उदाहरणे सुमारे ७४ टक्के बरोबर आली, आणि नुसत्या आकडेमोडीची ३७ टक्के.

टक्केवारीपेक्षा त्या मुलांचे विचार करणे अधिक उद्बोधक आहे. नारळ पस्तीसला एक. चार नारळांचे किती, असे विचारल्यावर मुलाने सांगितले ते असे : तिनांचे एकशे पाच, त्यात तीस मिळवले की एकशे पस्तीस, पण नारळ पस्तीसचा आहे, म्हणजे एकशे चाळीस. पुढे कागदावर ३५ गुणिले ४ आले. आता त्याने शाळेतली रीत लावली. चार पाचे वीस, हातचे दोन, हे दोन आणि तीन मिळून पाच, पाच चोक वीस, उत्तर दोनशे. हातचा गुणाकारानंतर मिळवायचा की आधी, एवढाच घोटाळा. पण तिनांचे एकशे पाच होतात हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याला चारांचे दोनशे होणे अशक्य आहे हे दिसू नये? दिसले नाही; कारण कागदावरचा पस्तीस हा नारळाचा भाव नव्हता. तो कशाचाच भाव नव्हता. त्या आकड्यांनी काही चुकले तर कोणाचे काय बिघडणार होते?

बाजारात चुकीला किंमत असते आणि ती तत्काळ वसूल होते. जास्त सांगितले तर गिऱ्हाईक भांडते, कमी सांगितले तर रात्री घरी हिशेब द्यावा लागतो. आम्हा अर्थशास्त्राच्या मास्तरांना किमतीच्या या शिस्तीचे मोठे कौतुक असते. पण येथे मुद्दा निव्वळ भीतीचा नाही. चुकीचे उत्तर वस्तुस्थितीशी लगेच भिडते, म्हणून मुलगा प्रत्येक पायरीवर स्वतःचे उत्तर तपासत जातो. शाळेत हे तपासण्याचे काम शिक्षकाकडे सोपविलेले असते. वही तपासून परत येते ती आठवड्याने, लाल शाईच्या फुलीसह. तोवर ते उदाहरण आपण का आणि कसे सोडविले हे मूल विसरलेले असते.

मात्र नारळवाल्यांच्या रीतीला फार डोक्यावर घेऊ नये. दहा नारळांचे किती, असे विचारले तेव्हा एका बारा वर्षांच्या मुलाने तिनांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, मग तीनशे पंधरा आणि शेवटी तीनशे पन्नास, असा लांबचा प्रवास केला. पस्तीसवर शून्य ठेवले की झाले, हे त्याला ठाऊक नव्हते. शून्य ठेवण्याची ही युक्ती मानवजातीला काही शतकांनी सापडली, आणि ती कोणा एका मुलाने नारळ विकता विकता पुन्हा शोधावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते शाळेचे काम. दहा नारळ त्या मुलाला जमले. दहा हजार जमले नसते.

रेसिफेतच पुढे जेफ्री सॅक्स यांनी गोळ्या-चॉकलेटे विकणाऱ्या दहा ते बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ब्राझीलमध्ये महागाई वर्षाला दोनशे टक्क्यांच्या वर गेली होती. घाऊक दुकानातून खोका घ्यायचा, त्यात नग किती ते पाहायचे, हजार क्रुझेरोला तीन की दोन असा किरकोळ भाव ठरवायचा, आणि पुढचा खोका अधिक महाग मिळणार हे धरून नफा राखायचा. आमच्या वर्गात हा विषय पदवीच्या वर्षी येतो! यांतल्या कित्येक मुलांना नोटेवरचा आकडा नीट वाचता येत नव्हता. ती नोट चित्रावरून ओळखीत. तरीही नोटांचे परस्परप्रमाण त्यांना अचूक कळत होते. आणखी एक गोष्ट सॅक्स यांना आढळली. विक्री करून शाळेतही जाणाऱ्या मुलांपैकी काही जण रस्त्यावरच्या युक्त्या शाळेच्या उदाहरणांत वापरू लागली होती. म्हणजे एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणे अशक्य नाही. होडी मात्र हवी.

पावकी-निमकीचे दिवस

अशी होडी आपल्याकडे एके काळी होती, हे आजच्या तरुण शिक्षकांना सांगितले तर नवल वाटेल. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. वजनात मण, शेर, पावशेर, छटाक. या व्यवहारात अपूर्णांक पावलोपावली आडवे येत. म्हणून मराठी शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सारे मुखोद्गत करून घेत. दीड आणा शेर या भावाने सात शेरांचे किती, याला सात दिडे साडेदहा हे उत्तर जिभेवर तयार असे. हे शालेय ज्ञान होते, पण त्याचा जन्म बाजारात झालेला होता. शाळेत म्हटलेला पाढा संध्याकाळी वाण्याच्या दुकानात उपयोगी पडे आणि दुकानातला हिशेब दुसऱ्या दिवशी पाटीवर येई.

पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. छडीच्या धाकाने औटकी पाठ करणाऱ्यांतले किती जण साडेतीन म्हणजे काय हे समजून म्हणत होते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणि त्या शाळेत कोणाच्या मुलांना प्रवेश होता व कोणाच्या नव्हता, हे तर सर्वश्रुतच आहे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनेमापे आली, आणि पावकी-दिडकीचे प्रयोजन संपले. ती गेली हे योग्यच झाले. परंतु पाढ्यांबरोबर शाळा आणि बाजार यांना जोडणारा एक धागाही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणता विणावा याचा विचार झाला नाही. आता तर दुकानात पाठविलेल्या मुलाला मोड मोजून घेण्याचेही कारण उरलेले नाही. फोन पुढे केला, चौकोनी खूण टिपली, दुकानदाराच्या यंत्राने रक्कम मोठ्याने उच्चारली, काम झाले. या सोयीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मीही ती वापरतो. पण मध्यमवर्गीय मुलाच्या दिवसातून हिशेबाचा आणखी एक प्रसंग वजा झाला, ही नोंद केली पाहिजे.

रीतीची पकड

शाळेत काय घडते, याची दोन उदाहरणे पाश्चात्त्य देशांतली आहेत. पण ती वाचताना कोणाही मराठी शिक्षकाला परकी वाटणार नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते : १,१२८ सैनिक न्यायचे आहेत, एका बसमध्ये ३६ बसतात, तर बसेस किती लागतील? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांनी बरोबर केला. पण ३२ बसेस हे उत्तर दिले २३ टक्क्यांनीच. २९ टक्क्यांचे उत्तर होते : ३१ बसेस आणि बाकी १२. बाकी बारा सैनिकांनी काय करावे, पायी जावे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास याहून खोडकर प्रश्न विचारला गेला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? दुसरी-तिसरीतील ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही क्रिया करून कप्तानाचे वय काढून दिले.

ही मुले मंदबुद्धीची नव्हती. शाळेचा अलिखित करार त्यांनी अचूक ओळखला होता : मास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, दिलेले सर्व आकडे वापरायचे असतात, आणि कोणती क्रिया करायची हे धड्याच्या मथळ्यावरून कळते. आपल्या पुस्तकांतही ‘नफा-तोटा’ या प्रकरणाखालची सर्व उदाहरणे नफा-तोट्याची असतात आणि ‘काळ-काम-वेग’ याखाली नळ हौद भरीत राहतात. ‘एकूण’ म्हटले की बेरीज, ‘उरले’ म्हटले की वजाबाकी, असे शब्द हेरायला खासगी शिकवण्यांत पद्धतशीर शिकवितात. येथे मूल एक समस्या खरोखर सोडवीत असते, पण ती मास्तरांच्या मनात काय आहे हे ओळखण्याची. हौद आणि नळ हे केवळ निमित्त.

याचा परिणाम महाविद्यालयात आमच्या पदरी येतो. मागणीच्या लवचीकतेचे सूत्र फळ्यावर न चुकता लिहिणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. त्यांतला एक नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यातून आलेला होता. उत्तरपत्रिकेत तो पुस्तकातली व्याख्या उतरवी आणि तीही अर्धवट. बोलता बोलता घरची गोष्ट निघाली तेव्हा कळले, की उन्हाळ कांदा चाळीत किती ठेवायचा आणि केव्हा काढायचा याचा निर्णय गेली दोन वर्षे घरात त्याच्या सल्ल्याने होतो. पावसाळ्यात किती कांदा सडेल, वजनात किती घट येईल, लासलगावचा भाव त्या मानाने चढेल की नाही, सरकारने निर्यातीवर अचानक बंधन घातले तर काय, बहिणीच्या लग्नाला रोकड कधी लागेल, हे सारे तो तोलून मापून सांगत होता. सर्व एकदम विकू नये, तीन टप्प्यांत विकावा, म्हणजे एका वेळी भाव पडला तरी सगळे बुडत नाही, हा निष्कर्ष त्याने स्वतः काढलेला होता. साठवणुकीचा खर्च, अनिश्चितता, जोखमीची विभागणी हीच प्रकरणे तो माझ्या वर्गात जांभया देत ऐके. त्या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

किशोरवयात नेमके काय बदलते, हा प्रश्न येथे येतो. जीन पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातले लंबकाचे प्रयोग शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. लंबकाचा वेग दोरीच्या लांबीवर अवलंबून आहे, की टांगलेल्या वजनावर, की ढकलण्याच्या जोरावर? लहान मूल दोरीही बदलते आणि वजनही, आणि मग गोंधळते. साधारण अकरा-बाराच्या पुढे मुलाला बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहण्याची कल्पना सुचू लागते. समोर आहे त्याच्या पलीकडे, ‘असे असते तर’ या प्रदेशात त्याची बुद्धी वावरू लागते. पियाजे यांनी आरंभी ही अवस्था वयाबरोबर सर्वांनाच येते असे मानले. पुढे इतरांच्या प्रयोगांत तसे दिसेना, तेव्हा १९७२ च्या एका लेखात त्यांनी स्वतःच दुरुस्ती सुचविली : ही विचारपद्धती प्रत्येक जण आपापल्या आवडीच्या वा व्यवसायाच्या क्षेत्रात प्राप्त करीत असावा, सुतारकामाचा किंवा यंत्रदुरुस्तीचा उमेदवार ती आपल्या कामात वापरील आणि शाळकरी प्रश्नात वापरणार नाही. सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधणारा, मग व्हॉल्व्ह तपासणारा, मग टायरमध्ये काटा राहिला आहे का हे बोटांनी चाचपणारा मुलगा एकेक शक्यता बाद करीतच पुढे जात असतो. प्रयोगशाळेच्या वहीत तो मात्र मित्राचे आकडे उतरवतो.

मुलींच्या बाबतीत तर हे कौशल्य दिसतच नाही, कारण ते घराच्या भिंतींआड राहते. दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली तेरा वर्षांची मुलगी पिण्याचे किती, स्वयंपाकाचे किती, धुण्याचे पाणी गुरांना चालेल की नाही, याची जी वाटणी करते, तिला अर्थशास्त्रात दुर्मीळ साधनांचे पर्यायी उपयोग म्हणतात. घरात त्याला ‘हाताखाली काम करणे’ म्हणतात.

उलट ज्या घरांत हा लेख वाचला जाईल, त्या आपल्या घरांत काय चालते? मुलाचे दप्तर आई भरते, हरवलेल्या वस्तूचा शोध वडील घेतात, मित्राशी झालेले भांडण दोन्हीकडचे पालक फोनवर मिटवितात, आणि प्रकल्पवही दुकानातून विकत येते. प्रेमाने, आणि मुलाचा अभ्यासाचा वेळ वाचावा या हेतूने, आपण त्याच्या वाटेतला प्रत्येक प्रश्न उचलून बाजूला ठेवतो; मग उरलेल्या वेळात त्याला बुद्धिमत्ता-चाचणीच्या वर्गाला घालतो. जीवनातले प्रश्न काढून घेऊन प्रश्न सोडविण्याची शिकवणी लावायची, हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचा आहे. बारा वर्षांच्या मुलाने एखादी एस.टी. चुकवली आणि पुढची कोणती, ती कोठे थांबते हे स्वतः विचारून घरी पोचला, तर तेवढ्यापुरता आपला जीव टांगणीला लागतो हे कबूल. पण असा एक प्रसंग त्याच्या वाट्याला यावयास हवा.

कुरणातली शाळा

म्हणून मुलांना बाजारात बसवावे काय? मुळीच नाही. बालमजुरीचा १९८६ चा कायदा २०१६ साली दुरुस्त झाला, आणि चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची सवलत त्यात राहिली, आणि तिच्या आडून काय चालते ते आपण पाहतोच. कोलकात्याच्या त्या मुलांची हुशारी डोळ्यांत भरणारी आहे, पण तिच्यावर छप्पर आहे. कांद्या-बटाट्यांच्या भावापलीकडे ती त्यांना कोठेही नेत नाही. दहावीच्या परीक्षेला त्यांना बाजारातला हिशेब कोणी विचारणार नाही. आणि पाटीवरचा भागाकार येत नाही म्हणून ती शाळेतून गळतील, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘गणितात कच्चा’ असाच शेरा असेल. बुद्धीचा एवढा साठा असा वाया जाणे कोणत्या देशाला परवडते?

ही दरी सांधण्याचा विचार या महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्वीच झालेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. टकळीवर सूत काततानाच अंकगणित, कापसाच्या शेतीतून भूगोल, असा तो विचार. स्वातंत्र्यानंतर तो मागे पडत गेला. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली, आणि आपण त्याचा वेळापत्रकात एक तास करून टाकला. त्या तासाच्या वस्तू आया रात्री जागून करून देत, हे ज्यांनी अनुभवले त्यांना अधिक सांगायला नको. दोन्ही वेळी हात आणि डोके यांना एकत्र आणायचे होते. आपण त्यांना वेगवेगळे तास दिले.

याला सन्माननीय अपवाद झाला तो डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना तेथे आढळले, की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे चारायला जातात. मुलांना दोष देण्याऐवजी त्यांनी शाळाच चराईच्या रानात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे, झाडे, दगड, पायवाटा, हेच तेथले शैक्षणिक साहित्य. अलीकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनी धारावीतल्या, घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या शाळकरी मुलांच्या गणिताचा अभ्यास केला. त्या मुलांजवळ मोजमाप आणि हिशेब यांचे बरेच ज्ञान कामातून आलेले आहे. पण ते तुकड्यातुकड्यांचे आहे, आणि वर्गात त्याची विचारपूस होत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ सालीच शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे हे पहिले मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. तत्त्वांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.

साठ मुलांचा वर्ग, अभ्यासक्रमाचे ओझे आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकाने काय करावे, हे महाविद्यालयाच्या सुरक्षित खुर्चीतून सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, असे कोणी विचारील. तरी बिनखर्चाच्या दोन-तीन गोष्टी सुचवितो. उदाहरण सोडविण्यापूर्वी उत्तर साधारण किती येईल हा अंदाज तोंडी विचारावा. चारांचे दोनशे होणार नाहीत हे तेथेच लक्षात येते. पूर्वी शाळेत उत्तराचा ताळा पाहण्याची सक्ती असे. ती पुन्हा आणावी, पण आकड्यांच्या ताळ्याबरोबर अर्थाचाही ताळा पाहावा : बाकी बारा सैनिक कोठे गेले? ज्यांना उत्तरच नाही, किंवा ज्यांत एक आकडा जास्तीचा आहे, असे प्रश्न मधूनमधून घालावेत. आणि वर्गात भाजीवाल्याचा, शिंप्याचा, गवंड्याचा मुलगा असतोच. त्याला फळ्यापाशी बोलावून त्याचा हिशेब त्याच्या शब्दांत मांडायला लावावा, शेजारी पुस्तकातली रीत मांडावी, आणि दोन्ही एकाच ठिकाणी कशा पोचतात हे साऱ्या वर्गाने शोधावे. तिनांचे एकशे पाच आणि एकाचे पस्तीस मिळून एकशे चाळीस, हे गुणाकाराचेच एक रूप आहे. पाटीवरच्या गुणाकारातही आपण पस्तीसचे तीस आणि पाच असे तुकडेच करीत असतो. भाजीवाल्याच्या मुलाला हे कळले की हातचा म्हणजे काय ते कळेल. आणि कारकुनाच्या मुलीला रीतीमागे अर्थ असतो ही वार्ता कदाचित प्रथमच लागेल.

अडचण येईल ती परीक्षेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे आदर्श उत्तर छापलेले असते, आणि त्यात पायऱ्यांना गुण नेमून दिलेले असतात : सूत्राला एक, किमती घालण्याला एक, उत्तराला एक. नारळवाल्या मुलाने आपल्या रीतीने एकशे चाळीस काढले तर त्याला तिनांपैकी किती गुण द्यावेत? नियमाप्रमाणे एक. ज्याने सूत्र लिहिले, किमती घातल्या आणि उत्तर दोनशे काढले, त्याला दोन मिळतील. गुणदानाचे हे कोष्टक ठरविणारी समिती शिक्षकांचीच असते, आणि तिची बैठक दर वर्षी भरते.